ज्युदोपटूची कारकीर्द : मानवी भांडवल, जोखीम आणि सार्वजनिक गुंतवणूक

विकासविषयक चर्चेत खेळाचा उल्लेख बहुधा आरोग्य, युवक कल्याण किंवा राष्ट्रीय प्रतिष्ठा या संदर्भात होतो. खेळाडूची कारकीर्द हा एक आर्थिक निर्णयही असतो, त्यात कुटुंबाची व शासनाची दीर्घकालीन गुंतवणूक असते आणि त्या गुंतवणुकीच्या परताव्याबाबत मोठी अनिश्चितता असते, ही बाजू मात्र तुलनेने दुर्लक्षित राहते. क्रिकेटसारख्या खेळात प्रेक्षक आणि प्रक्षेपणाचे हक्क यांतून बाजारपेठ निर्माण झाली आहे. ज्युदोसारख्या खेळाला भारतात अशी बाजारपेठ नाही. त्यामुळे या खेळातील कारकीर्द जवळजवळ संपूर्णपणे सार्वजनिक व्यवस्थेच्या आधारावर उभी राहते. ही व्यवस्था कोठे भक्कम आहे आणि कोठे तोकडी पडते, याचा अभ्यास ज्युदोच्या उदाहरणावरून चांगला करता येतो.

तुरमुरीहून जकार्ताकडे

२८ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांच्या ५२ किलो वजनगटात कुराश या खेळात भारताला दोन पदके मिळाली. दिल्लीच्या पिंकी बल्हारा हिने रौप्य, तर बेळगाव तालुक्यातील तुरमुरी या मराठीभाषक गावच्या मलप्रभा जाधव हिने कांस्यपदक मिळविले. कुराश हा मध्य आशियातील, विशेषतः उझबेकिस्तानातील पारंपरिक कुस्तीप्रकार असून आशियाई स्पर्धेत त्याचा समावेश त्या वर्षी प्रथमच झाला होता. कुराशमध्ये जमिनीवरील पकडी नसतात, झुंज उभ्यानेच होते. तथापि प्रतिस्पर्ध्याचा पोशाख धरून त्याला पाठीवर फेकण्याचे मूळ कौशल्य ज्युदोचेच असल्याने अनेक ज्युदोपटू या खेळातही उतरतात. मलप्रभा ही मूळची ज्युदोपटू. शेतकरी कुटुंबातील या मुलीचे प्रशिक्षण बेळगावच्या शासकीय क्रीडा वसतिगृहात झाले.

या उदाहरणातील दोन गोष्टी अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला महत्त्वाच्या वाटतील. पहिली म्हणजे गाव आणि प्रशिक्षण केंद्र यांतील अंतर. तुरमुरी हे गाव बेळगाव शहराच्या जवळ आहे आणि त्या शहरात ज्युदोची निवासी सोय उपलब्ध होती. ही सोय नसती, तर गुणवत्ता असूनही तिचा शोध लागला नसता. दुसरी गोष्ट म्हणजे एका खेळात मिळविलेले कौशल्य दुसऱ्या खेळात वापरण्याची संधी. ज्युदोमध्ये आशियातील स्पर्धा अत्यंत तीव्र आहे. जपान, दक्षिण कोरिया, मंगोलिया, कझाकस्तान व उझबेकिस्तान हे जगातील आघाडीचे देश याच खंडात आहेत. अशा वेळी लगतच्या क्रीडाप्रकारात उतरणे हे जोखीम विभागून घेण्याचे एक साधन ठरते.

खेळाचे स्वरूप आणि त्याचा खर्च

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोकियो येथे कोदोकान या संस्थेची स्थापना करून ज्युदोचा पाया घातला. भारतात या विद्येचा परिचय बराच लवकर झाला. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी हे जपानी शिक्षक शांतिनिकेतनात आले होते. पुरुषांचा ज्युदो १९६४ च्या तोकियो ऑलिंपिकमध्ये प्रथम समाविष्ट झाला, तर महिलांचा ज्युदो १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून पदकांसाठी खेळला जाऊ लागला. त्याच बार्सिलोना स्पर्धेत भारतीय ज्युदोपटू प्रथम उतरले आणि त्यांत मुंबईचे कावस बिलिमोरिया होते. तत्पूर्वी १९८६ मध्ये सोल येथील आशियाई स्पर्धेत भारताने ज्युदोत चार कांस्यपदके मिळविली होती.

ज्युदोची झुंज चार मिनिटांची असते. प्रतिस्पर्ध्याला वेगाने व जोराने पाठीवर फेकल्यास, २० सेकंद जमिनीवर दाबून धरल्यास किंवा गळफास अथवा हातावरील पकडीने शरण आणल्यास ‘इप्पॉन’ मिळतो आणि झुंज तेथेच संपते. पुरुषांसाठी सात आणि महिलांसाठी सात असे चौदा वजनगट आहेत. या नियमांचा खर्चाशी निकटचा संबंध आहे, तो असा.

(१) मॅट : स्पर्धेचे मैदान सुरक्षा पट्ट्यासह किमान १४ मीटर लांब व १४ मीटर रुंद असावे लागते. म्हणजे १९६ चौरस मीटर. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद अशा एका तातामीचा हिशेब धरला, तर एका मैदानासाठी ९८ तातामी लागतात. पडण्याचा सराव, ज्याला ‘उकेमी’ म्हणतात, तो या पृष्ठभागाशिवाय करणे धोक्याचे असते. हा खर्च कोणतेही एकटे कुटुंब करू शकत नाही.

(२) पोशाख : आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी पांढरा व निळा असे दोन ज्युदोगी लागतात आणि ते आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने मान्य केलेल्या उत्पादकांचेच असावे लागतात.

(३) जोडीदार : हा घटक सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. धावपटू एकटा धावू शकतो, नेमबाज एकटा नेम धरू शकतो. ज्युदोपटूला ‘रांदोरी’ म्हणजे मुक्त झुंजीच्या सरावासाठी आपल्याच वजनाचा आणि शक्यतो आपल्याहून सरस जोडीदार हवा असतो. एखाद्या केंद्रात २८ मुले-मुली असतील आणि ती चौदा वजनगटांत समान विभागली गेली, तरी प्रत्येक गटात दोघेच उरतात. दोघांनी वर्षानुवर्षे परस्परांशीच झुंज दिल्यास दोघांची प्रगती लवकरच खुंटते.

आल्फ्रेड मार्शल यांनी औद्योगिक क्षेत्रांबाबत मांडलेला विचार येथे लागू पडतो. एकाच व्यवसायातील माणसे एकत्र आली की कौशल्य हवेतच असल्याप्रमाणे पसरते आणि प्रत्येकाची उत्पादकता वाढते. भारतात ज्युदोचे गुणवंत खेळाडू विशिष्ट टापूंतून येतात, याचे कारण हेच. मणिपूरने खुमुजम तोंबी देवी, अंगोम अनिता चानू, सुशीला देवी लिक्माबम अशा खेळाडूंची मालिका दिली. पंजाबातील गुरदासपूर या जिल्ह्याच्या गावातील केंद्रातून अवतार सिंग रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. एका चांगल्या खेळाडूमुळे पुढच्या दहा खेळाडूंना सरावाचा जोडीदार मिळतो. हा बाह्य लाभ बाजारभावात उतरत नाही, म्हणूनच सार्वजनिक गुंतवणुकीचे समर्थन येथे सबळ ठरते.

कारकिर्दीचे चार टप्पे

ज्युदोपटूच्या कारकिर्दीचे स्थूलमानाने चार टप्पे पडतात. पहिला टप्पा दहा ते चौदा वर्षे वयाचा. यात कौटुंबिक खर्च कमी असतो. शाळा, क्रीडा वसतिगृह किंवा जवळचे केंद्र यांवर सर्व अवलंबून असते. महाराष्ट्रात १९९६ पासून क्रीडा प्रबोधिनीच्या रूपाने निवास, आहार, शिक्षण व प्रशिक्षण एकत्र देणारी व्यवस्था उभी राहिली. कर्नाटकात युवा सबलीकरण व क्रीडा विभागाची वसतिगृहे हेच कार्य करतात.

दुसरा टप्पा कॅडेट व ज्युनिअर गटांचा, साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे वयाचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०१७ मध्ये १,७५६ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर केलेल्या सुधारित ‘खेलो इंडिया’ कार्यक्रमाने या टप्प्याला मोठा आधार दिला. निवड झालेल्या खेळाडूसाठी दरवर्षी पाच लाख रुपयांप्रमाणे आठ वर्षांपर्यंत साहाय्याची तरतूद त्यात होती. पूर्ण कालावधीचा हिशेब केल्यास एका खेळाडूवरील सार्वजनिक गुंतवणूक ४० लाख रुपयांची होते. यातील मोठा भाग प्रशिक्षण, निवास व स्पर्धा यांवर खर्च होतो. खेळाडूच्या हाती दरमहा १०,००० रुपये भत्ता येतो.

तिसरा टप्पा वरिष्ठ गटाचा. वीस ते तीस वर्षे वयाचा हा काळ ज्युदोपटूच्या उत्पादकतेचा काळ होय. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘टार्गेट ऑलिंपिक पोडियम’ योजनेत मुख्य गटातील खेळाडूला दरमहा ५०,००० रुपये आणि विकास गटातील खेळाडूला २५,००० रुपये भत्ता मिळतो. परदेशी प्रशिक्षण व स्पर्धांचा खर्च वेगळा दिला जातो. चौथा टप्पा निवृत्तीनंतरचा. पहिल्या तीन टप्प्यांचे मूल्य खेळाडूच्या आयुष्यात काय ठरले, हे या चौथ्या टप्प्यातच कळते.

क्रमवारीचे अर्थकारण

वरिष्ठ गटात प्रवेश करताच ज्युदोपटूला एका वेगळ्याच व्यवस्थेला सामोरे जावे लागते. २००९ पासून आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाची जागतिक क्रमवारी अस्तित्वात आहे. जागतिक अजिंक्यपदाच्या विजेत्याला २,०००, ग्रँड स्लॅम विजेत्याला १,००० आणि ग्रँड प्रिक्स विजेत्याला ७०० गुण मिळतात. या स्पर्धा पॅरिस, तोकियो, ताश्कंद, तबिलिसी, बाकू, अबू धाबी अशा शहरांत भरतात. बारा महिन्यांनंतर मिळविलेल्या गुणांचे मूल्य निम्मे होते आणि चोवीस महिन्यांनंतर ते शून्य होते. यंत्रसामग्रीवर जसा घसारा आकारला जातो, तसाच हा गुणांवरील घसारा होय. दुखापतीमुळे एक वर्ष घरी बसलेल्या खेळाडूची क्रमवारी त्याने काहीही न गमावता घसरत जाते.

पॅरिस ऑलिंपिकसाठी प्रत्येक वजनगटात क्रमवारीतील पहिल्या १७ जणांना थेट प्रवेश होता, तोही एका देशाच्या एकाच खेळाडूला. त्याखालील खेळाडूंसाठी खंडनिहाय मर्यादित जागा होत्या. २०२१ मध्ये झालेल्या तोकियो स्पर्धेत सुशीला देवी आणि पॅरिसमध्ये तुलिका मान या दोघींनी खंडनिहाय कोट्यातूनच प्रवेश मिळविला. दोन्ही वेळा भारताकडून ज्युदोत एकच खेळाडू होती.

सुशीला देवीची कारकीर्द या अर्थकारणाचे बोलके उदाहरण आहे. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ४८ किलो गटात तिने रौप्यपदक मिळविले. २०१८ मध्ये दुखापतीमुळे आशियाई स्पर्धा हुकली. त्यानंतर पात्रतेसाठी आवश्यक स्पर्धांचा खर्च भागविण्याकरिता तिला आपली मोटार विकावी लागली, हे तिने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. तोकियोत पहिल्याच फेरीत तिची गाठ २०१२ ची कांस्यपदक विजेती हंगेरीची इव्हा चेर्नोविस्की हिच्याशी पडली आणि ती पराभूत झाली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तिने पुन्हा रौप्यपदक जिंकले. पतपुरवठ्याच्या भाषेत सांगायचे, तर तिची उत्पादनक्षमता शाबूत होती, पण खेळते भांडवल आटले होते. भांडवली बाजार अशा खेळाडूला कर्ज देत नाही, कारण भावी पदक हे तारण ठेवता येत नाही.

पॅरिसमध्ये तुलिका मानसमोर क्युबाची इदालिस ओर्तिस होती. चार ऑलिंपिक पदकांची मानकरी असलेल्या या खेळाडूने अवघ्या २८ सेकंदांत इप्पॉन मिळविला. अनेक वर्षांचे परिश्रम आणि अर्ध्या मिनिटाचा निकाल यांतील ही विषमता ज्युदोच्या स्वरूपातच आहे. एडवर्ड लेझिअर आणि शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, जेथे मोबदला कामगिरीच्या परिमाणावर न ठरता क्रमांकावर ठरतो, तेथे अल्प फरकाने मोठी उत्पन्न-विषमता निर्माण होते. अशा व्यवस्थेत सर्वांना परिश्रमाची प्रेरणा मिळते हे खरे, परंतु जोखीमही सर्वस्वी स्पर्धकाच्या माथी पडते.

परतावा कोणाला आणि किती

केंद्र शासनाच्या रोख पुरस्कार योजनेत आशियाई स्पर्धेतील सुवर्ण, रौप्य व कांस्यपदकासाठी २०१८ च्या सुमारास अनुक्रमे ३०, २० व १० लाख रुपयांची तरतूद होती. ऑलिंपिकसाठी हेच आकडे ७५, ५० व ३० लाख होते. गुणवंत खेळाडूंसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेचे दर २०१८ मध्ये दुप्पट करण्यात आले. त्यानुसार ऑलिंपिक पदक विजेत्याला दरमहा २०,००० रुपये आणि आशियाई वा राष्ट्रकुल स्पर्धेतील रौप्य-कांस्य विजेत्यांना १२,००० रुपये अशी तरतूद झाली.

हे लाभ पदक विजेत्यांपुरतेच आहेत. एखाद्या राज्यात शंभर मुले ज्युदोला दहा वर्षे देतात असे गृहीत धरले, तर त्यांतील आंतरराष्ट्रीय पदकापर्यंत पोहोचणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. उरलेल्यांचे काय, हा विकासनीतीच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. गॅरी बेकर यांनी मानवी भांडवलाचे सामान्य व विशिष्ट असे दोन प्रकार सांगितले. शालेय शिक्षण हे सामान्य भांडवल होय, ते कोणत्याही व्यवसायात उपयोगी पडते. ज्युदोतील डाव हे विशिष्ट भांडवल होय, त्याला मागणी मोजक्याच ठिकाणी असते. वसतिगृहातील मुलीचे शिक्षण सरावामुळे मागे पडले आणि विसाव्या वर्षी गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, तर तिच्या हाती दोन्हींपैकी कोणतेच भांडवल पुरेसे उरत नाही.

आज पोलीस, निमलष्करी दले, सैन्यदले व रेल्वे ही या विशिष्ट भांडवलाची प्रमुख ग्राहक आहेत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र तेथेही विहित स्तरावरील कामगिरीची अट असते आणि पदांची संख्या मर्यादित असते. त्यामुळे कुटुंबाच्या दृष्टीने मुलीला ज्युदोत ठेवण्याचा निर्णय सोळाव्या-सतराव्या वर्षी पुन्हा तपासला जातो. अनेक कारकिर्दी संपतात त्या पराभवाने नव्हे, तर या फेरविचाराने.

फ्रान्सचा अनुभव

या संदर्भात फ्रान्सचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या देशात सुमारे पाच लाख नोंदणीकृत ज्युदो खेळणारे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य लहान मुले आहेत. १९५५ च्या कायद्याने तेथे ज्युदो शिकविण्यासाठी शासनमान्य पदविका आवश्यक ठरविली. या दोन गोष्टींचा संयुक्त परिणाम असा झाला की, गावोगावच्या क्लबांत प्रशिक्षित शिक्षकाला कायम मागणी राहिली. ऑलिंपिक पदक न मिळालेला ज्युदोपटूही तेथे पदविका घेऊन उपजीविका करू शकतो. म्हणजे कारकिर्दीच्या शिखराची उंची पदकांनी ठरत असली, तरी तिच्या तळाची सुरक्षितता हौसेने खेळणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. आई-वडिलांनी दिलेली माफक फी हाच त्या व्यवस्थेचा पाया आहे.

भारतात जून २०२० मध्ये जिल्हा स्तरावर एक हजार खेलो इंडिया केंद्रे उभारण्याचा आणि त्यांत माजी गुणवंत खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून नेमण्याचा निर्णय जाहीर झाला. ही दिशा योग्य आहे. खेळाडूची निवृत्ती आणि नव्या मुलांचा प्रवेश हे दोन प्रश्न तिने एकमेकांना जोडले आहेत.

आनेकलसारख्या तालुक्यांसाठी विचार

बंगळूर शहर जिल्ह्याच्या दक्षिणेस, तामिळनाडूच्या सीमेलगत आनेकल तालुका आहे. बोम्मसंद्र, जिगणी व अत्तिबेले या औद्योगिक वसाहती याच तालुक्यात येतात. एका बाजूस शेती करणारी गावे आणि दुसऱ्या बाजूस कारखाने असे मिश्र स्वरूप असलेले तालुके महाराष्ट्रातही पुणे, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) यांच्या परिसरात आहेत. महानगरातील क्रीडा संकुल तीस-पस्तीस किलोमीटरवर असले, तरी दहा वर्षांच्या मुलीला रोज सायंकाळी तेथे नेणे-आणणे कामगार कुटुंबाला शक्य नसते. प्रवासाचा वेळ हाच येथे खरा प्रवेशशुल्क असतो.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार विहित मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावयाची असते. ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण या खर्चास पात्र आहे. कर्नाटकातच विजयनगर येथील इन्स्पायर इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट या उद्योगसमूहप्रणीत संस्थेत घडलेल्या मणिपूरच्या लिंथोई चनंबम हिने ऑगस्ट २०२२ मध्ये सारायेव्हो येथे कॅडेट गटाचे ज्युदोतील जागतिक अजिंक्यपद मिळविले. ज्युदोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कोणत्याही वयोगटातील ते भारताचे पहिले पदक होते. उद्योगांचा पैसा, परदेशी प्रशिक्षक आणि सरावाचे जोडीदार एकत्र आल्यास काय घडू शकते, हे त्यातून दिसले. तथापि एक उत्कृष्टता केंद्र हा तालुका केंद्रांना पर्याय नाही. उत्कृष्टता केंद्र निवड करते, तालुका केंद्र निवडीसाठी मुले तयार करते.

काही सूचना

वरील विवेचनातून पुढील मुद्दे निष्पन्न होतात.

पहिला, ज्युदोची केंद्रे विखुरलेली व लहान ठेवण्यापेक्षा लगतच्या तीन-चार तालुक्यांतील मुलांचा आठवड्यातून किमान एकदा संयुक्त सराव घडवून आणावा. त्याचा खर्च बसभाड्याइतका असतो आणि जोडीदारांची उणीव त्यातून भरून निघते.

दुसरा, अठरा ते तेवीस या वयातील खेळाडूंसाठी एक मधला टप्पा हवा. ज्युनिअर गटातून बाहेर पडलेला, पण ऑलिंपिक योजनेच्या यादीत न बसलेला खेळाडू भत्त्याच्या पायरीवरून एकदम जमिनीवर येतो. साहाय्य एकाएकी थांबण्याऐवजी ते दोन वर्षांत क्रमाने कमी व्हावे.

तिसरा, प्रशिक्षणार्थींचा दुखापत विमा गुडघा व खांद्यावरील शस्त्रक्रिया तसेच त्यानंतरच्या पुनर्वसनाचा खर्च पेलणारा असावा. गरजू खेळाडूंसाठीचा राष्ट्रीय कल्याण निधी हे आपत्तीनंतरचे साहाय्य आहे, विमा ही आपत्तीपूर्वीची तरतूद असते.

चौथा, वसतिगृहातील प्रत्येक खेळाडूला शालान्त शिक्षणाबरोबर प्रशिक्षणाची किंवा क्रीडा-भौतिकोपचाराची मान्यताप्राप्त पात्रता मिळविण्याची संधी असावी, म्हणजे विशिष्ट भांडवलाला सामान्य भांडवलाची जोड मिळेल.

पाचवा मुद्दा क्रीडा संघटनांच्या कारभाराचा आहे. संघटनेतील वादामुळे खेळाडूची एक स्पर्धा हुकली, तरी त्याच्या गुणांवरील घसारा थांबत नाही. २००१ च्या राष्ट्रीय क्रीडा धोरणाच्या जागी आलेले ‘खेलो भारत नीती २०२५’ आणि त्याच वर्षी संसदेने संमत केलेला, क्रीडाविषयक वादांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद करणारा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा यांची कसोटी या बाबतीत लागणार आहे.

समारोप

सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिस पॅरालिंपिकमध्ये मध्य प्रदेशातील सिहोरच्या कपिल परमारने दृष्टिबाधितांच्या ज्युदोत कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिक वा पॅरालिंपिकमधील हे भारताचे ज्युदोतील पहिले पदक. अशा यशाचे स्वागत करताना त्यामागील गणित विसरून चालणार नाही. ज्युदो शिकणाऱ्या मुलाला सर्वांत आधी पडायला शिकवितात. इजा न होता कसे पडावे आणि पुन्हा कसे उभे राहावे, हे आल्यावरच फेकण्याचे डाव सुरू होतात. क्रीडाधोरणानेही हाच क्रम स्वीकारणे इष्ट ठरेल. पराभूत झालेल्या, दुखापतग्रस्त झालेल्या किंवा पदकापासून एक झुंज दूर राहिलेल्या खेळाडूला सुरक्षितपणे खाली उतरता येईल अशी व्यवस्था असेल, तरच तुरमुरीतील शेतकरी आणि आनेकलमधील कामगार आपल्या मुलीला निर्धास्तपणे मॅटवर पाठवू शकतील.